आकड्याला व्हाइटनर नको : हेल्थ डेटा शिकणाऱ्यांसाठी पहिला पाठ

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता नर्सिंग, डीएमएलटी, फार्मसी, बीएस्सी करून तिथेच थांबत नाहीत. कोणी सार्वजनिक आरोग्याच्या पदविकेला जाते, कोणी ‘हेल्थ डेटा’ नावाच्या कोर्सला. घरी आई विचारते, “म्हणजे नेमके काय शिकतेस गं?” मुलगी सांगते, “कोडिंग शिकते, गिट शिकते.” आईला काही उलगडत नाही. पहिले दोन महिने मुलीलाही फारसे उलगडत नाही. शिकवणारा कॉम्प्युटरचा असतो, त्याने वॉर्ड पाहिलेला नसतो. शिकणारी वॉर्डातून आलेली असते, तिने काळी स्क्रीन पाहिलेली नसते. मधल्या मध्ये बऱ्याच जणी “आपल्या डोक्याबाहेरचे आहे” म्हणून सोडून देतात.

हा पाठ आम्ही नर्सच्या बाजूने मांडत आहोत. वहीत तक्ता आखता येतो, बेरीज-वजाबाकी येते आणि केसपेपर म्हणजे काय ते माहीत आहे, एवढी तयारी पुरे. आई-वडिलांनीही वाचावा. फी तुम्ही भरता, आणि ज्या आकड्यांवर हे शिक्षण चालते ते आकडे तुमच्याच घरातून मोजून नेलेले असतात.

केसपेपरचा नियम

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला एक नियम पक्का शिकवतात. नोंद चुकली तर खरवडायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचे नाही. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची. रेघेखालचे वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर नोंद लिहायची, तारीख आणि वेळ टाकायची, सही करायची.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण जुनी नोंद वाचून मधल्या पाळीत कोणीतरी काहीतरी केलेले असू शकते. सकाळी साखर २१० लिहिली, त्यावर इन्शुलिन दिले, दुपारी कळले की आकडा शेजारच्या खाटेचा होता. २१० पुसून टाकला तर इन्शुलिन का दिले हे रात्रीच्या सिस्टरला कधीच कळणार नाही. पेशंटला रात्री घाम फुटला, हातपाय थरथरले, तर कारण शोधायचे कुठे?

आता कॉम्प्युटरकडे या. एक्सेलची फाइल उघडली, २१० च्या जागी ११० टाकले, सेव्ह केले, फाइल बंद केली. रेघ नाही, सही नाही, वेळ नाही. जुना आकडा गेला तो गेला. मुद्दाम काही व्यवस्था केली नाही, तर कॉम्प्युटर प्रत्येक दुरुस्तीवर आपोआप व्हाइटनर फिरवतो.

यावर लोकांनी शोधलेला उपाय सगळ्यांनी पाहिला आहे. फाइलींची नावे पाहा : ‘सर्व्हे’, ‘सर्व्हे फायनल’, ‘सर्व्हे फायनल नवीन’, ‘सर्व्हे फायनल मॅडमने पाहिलेला’. सहा महिन्यांनी अहवालात गेलेला आकडा यापैकी कोणत्या फाइलमधला, हे फाइल बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणजे केसपेपरचा तोच नियम कॉम्प्युटरला लावणे. बदल कोणी केला, कधी केला, आधी काय होते, आता काय आहे आणि का बदलले, या पाच गोष्टी जपणे. गिट हे त्यासाठीचे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरचे हजारो लोक मिळून लिहितात. कोणी काय बदलले याचा मेळ राहावा म्हणून लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट तयार केले. ते फुकट आहे, आजही आहे.

पहिली पायरी : स्वच्छ तक्ता

कोडिंगच्या आधी तक्ता. निम्मी डोकेदुखी इथेच संपते. वहीत एक नियम घालून घ्या : एका माणसाची एक ओळ, एका गोष्टीचा एक रकाना, एका चौकटीत एकच उत्तर. ‘१२०/८०’ असा बीपी एका चौकटीत लिहू नका. वरचा वेगळ्या रकान्यात, खालचा वेगळ्या.

एक्सेल हुशार आहे, आणि त्याची हुशारी कधी कधी अंगाशी येते. वयोगट म्हणून ‘५-१२’ लिहिले की ते त्याची ५ डिसेंबर करून टाकते. गावाचा कोड ‘००४५२’ लिहिला की पुढची शून्ये खाऊन ४५२ ठेवते. हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत असे, आणि मोठमोठ्या शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांतही त्या तशाच छापल्या गेल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांचीच नावे बदलली. एक्सेलपुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले, म्हणून आपण आधीच सावध राहायचे.

त्यासाठी चार सवयी लावून घ्या.

१. कोडचे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, मग भरा.

२. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ५ मार्च की ३ मे हा घोळ होत नाही.

३. तक्त्यातले अंक इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांना बरेच प्रोग्राम अक्षर समजतात आणि बेरजेतून वगळतात.

४. तपासणी झालीच नसेल तर चौकट रिकामी ठेवा, शून्य टाकू नका. शून्य म्हणजे मोजले आणि शून्य आले. रिकामे म्हणजे मोजलेच नाही.

तक्ता पूर्ण झाला की तो ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह करा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. रंग नाहीत, सूत्रे नाहीत. गिटला साध्या मजकुरातला बदल ओळीओळीने दाखवता येतो. एक्सेलची फाइल तो सांभाळून ठेवतो, पण तिच्या आत कोणती चौकट बदलली हे तसे दाखवू शकत नाही.

दुसरी पायरी : कोड म्हणजे लिहून ठेवलेली रीत

कोड म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या लेखी सूचना, आपल्या ड्रेसिंगच्या पायऱ्यांसारख्या. हात धुवा, ट्रे लावा, जुने ड्रेसिंग काढा, जखम पाहा. क्रम ठरलेला असतो, आणि कोणी विचारले तर कागद दाखवता येतो.

आरोग्याच्या आकड्यांसाठी दोन भाषा जास्त चालतात. ‘आर’ ही भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तयार केली. ‘पायथन’ १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी लोकांपुढे आणली. दोन्ही फुकट. वर्गात जी शिकवतात ती शिका. एक आली की दुसरी अवघड जात नाही.

सरावासाठी आम्ही दहा जणींचा एक मनचा तक्ता देतो. सगळ्या प्रौढ, कोणी गरोदर नाही. हिमोग्लोबिन असे :

१२.४, ११.६, १०.८, ११.९, १३.१, ९.७, ११.२, १२.०, १०.४, ११.५

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात. कोडची सूचना मराठीत अशी होईल : तक्ता वाच, हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असलेल्या ओळी वेगळ्या काढ, त्या मोज. उत्तर येते ७. दहापैकी सात.

आता त्याच सूचनेत १२ च्या जागी ११ लिहा. उत्तर येते ३. एका आकड्याच्या बदलाने चार बायका ‘बऱ्या’ झाल्या. लोहाची एक गोळी पोटात गेली नाही, रक्ताचा थेंब वाढला नाही, आणि तरी अहवालात रक्तक्षय निम्म्याहून खाली आला.

आणखी एक करून पाहा. ‘१२ पेक्षा कमी’ऐवजी ‘१२ किंवा त्याहून कमी’ लिहा. कोडमध्ये हा फक्त एका बरोबरच्या चिन्हाचा फरक आहे. बरोबर १२.० असलेली बाई आत येते आणि उत्तर ८ होते.

तिसरी गंमत सरासरीची. या दहा जणींची सरासरी ११.४६. अकराव्या बाईची तपासणी झाली नाही आणि कोणी तिच्यापुढे ० टाकले, तर सरासरी १०.४२ वर येते. जिची तपासणी झालीच नाही, तिने सगळ्या वस्तीची सरासरी पाडली.

यात कोणी लबाडी केलीच असे नाही. गरोदर बाईसाठी ११ हीच मर्यादा आहे, त्यामुळे गरोदर बायकांसाठी लिहिलेला कोड कोणी सगळ्यांना लावला तर ११ आपोआप येतो. शिवाय मर्यादाही बदलतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शिका काढली आणि गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीसाठी मर्यादा १०.५ केली. जुना अहवाल जुन्या मर्यादेचा, नवा नव्या मर्यादेचा. दोघांची तुलना करणाऱ्याला कोणता आकडा कोणत्या मर्यादेने काढला ते कळले पाहिजे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा आकड्यांवर गोळ्या किती मागवायच्या, शिबिर कुठे घ्यायचे हे ठरते. म्हणून कोडमधला १२ चा ११ होणे ही किरकोळ गोष्ट धरायची नाही. तो बदल सहीसकट दिसला पाहिजे.

तिसरी पायरी : गिटचे सहा शब्द

गिटमध्ये आज्ञा पुष्कळ आहेत. सुरुवातीला सहा पुरतात. मशीनवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. अर्थ मात्र आपल्या कामातलाच आहे.

गिट इनिट : या फोल्डरची वही आजपासून सुरू. फोल्डरमागे एकदाच करायचे. अशा वहीला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात.

गिट स्टेटस : पाळी बदलताना राउंड घेतो तसे. कोणत्या फाइलमध्ये बदल झाला, कशाची नोंद राहिली, ते सांगते. अडलात की आधी हेच करा.

गिट डिफ : आधी काय होते आणि आता काय आहे ते शेजारी दाखवते. जुन्या ओळीमागे वजाचे चिन्ह, नव्या ओळीमागे अधिकचे. ही आपली रेघ मारलेली नोंद.

गिट ॲड : या बदलांवर सही करायची आहे म्हणून कागद पुढे सरकवणे.

गिट कमिट : सही. नाव, तारीख आणि वेळ आपोआप लागते. कारण तुम्ही लिहायचे.

गिट लॉग : सगळ्या सह्यांची यादी, नवी वर, जुनी खाली.

कमिटचे कारण लिहिण्यातच शिकणाऱ्याचा कस लागतो. ‘बदल केला’ असे कारण म्हणजे केसपेपरवर ‘पेशंट पाहिला’ लिहिण्यासारखे. कामाचे कारण असे असते : ‘ओळ ७, हिमोग्लोबिन १.१२ होते, कागदी फॉर्मवर ११.२ आहे, फॉर्म पाहून दुरुस्त.’ किंवा : ‘रक्तक्षयाची मर्यादा गरोदर आणि इतर अशी वेगळी केली.’ मराठीत लिहिले तरी चालते. एका कमिटमध्ये एकच काम ठेवा. पंधरा दुरुस्त्यांवर एक सही मारली तर नंतर एकही शोधता येत नाही.

मूळ तक्त्याला मात्र हात लावायचा नाही. फॉर्मवरून भरलेला तक्ता ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. दुरुस्त्या कोडने करा आणि दुरुस्त तक्ता वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. मग ‘हा आकडा कुठून आला’ असे कोणी विचारले तर मूळ कागदापासून अहवालापर्यंतची वाट बोटाने दाखवता येते.

प्रत्येक कमिटला गिट चाळीस अक्षर-अंकांची एक खूण देतो. ती खूण आतल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून काढलेली असते. मागचे काही गुपचूप बदलले तर खूण बदलते, आणि तिच्या पुढच्या सगळ्या खुणाही बदलतात. जाणता माणूस मागचा इतिहास पुन्हा लिहू शकतो, हे खरे आहे. पण वहीची प्रत सोबतच्या दोघांकडे असेल तर खुणा जुळत नाहीत आणि खाडाखोड उघडी पडते. म्हणून वही एकाच्या ताब्यात ठेवू नये. गिटहब, गिटलॅब या सेवा त्यासाठीच आहेत. वहीची एक प्रत तिथे राहते आणि गटातले सगळे त्यावर काम करतात.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. गिट खरेखोटे ठरवत नाही. वजनकाटा बिघडलेला असेल, किंवा घरी न जाता फॉर्म भरला असेल, तर खोटा आकडाही गिट तेवढ्याच इमानाने जपेल. तो फक्त माग ठेवतो. खरेपणा दारात उभे राहून विचारणाऱ्या माणसाकडूनच येतो.

चौथी पायरी : आत किती, बाहेर किती

ऑपरेशन थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी गॉज मोजतात. आत गेले दहा, बाहेर आले दहा, मगच टाका. आकड्यांच्या कामातही ही मोजणी लागते. ती नसली की काय होते ते इंग्लंडमध्ये कोविडच्या काळात दिसले.

तिथे प्रयोगशाळांकडून आलेले निकाल सार्वजनिक आरोग्य विभाग एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेत असे. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलमध्ये सुमारे १,४०० रुग्णच बसत. त्यापुढचे गळून पडत आणि कुठे घंटा वाजत नसे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ बाधित रोजच्या मोजणीतून सुटले. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून घरी थांबायला सांगण्याचे काम उशिरा सुरू झाले, आणि तोवर ती माणसे कामावर, बसमध्ये, नातेवाइकांत वावरत होती.

याला उपाय कोडची एक ओळ : आत आलेल्या ओळी आणि बाहेर गेलेल्या ओळी सारख्या नसतील तर थांब आणि ओरड. शिकणाऱ्याने ही ओळ पहिल्याच आठवड्यात लिहायला शिकावी. सोबत आणखी दोन घाला : हिमोग्लोबिन ३ पेक्षा कमी किंवा २० पेक्षा जास्त असेल तर दाखव, एकच नोंदणी क्रमांक दोनदा आला तर दाखव. दाखव म्हणायचे, काढून टाक म्हणायचे नाही. विचित्र आकडा दिसला की कागद पाहायचा. कधी तो टायपिंगचा घोळ निघतो, कधी खरोखरची अत्यवस्थ बाई निघते.

आपल्या देशातले एक चांगले उदाहरणही सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये काही स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ हे काम सुरू केले. राज्यांच्या रोजच्या पत्रकांतले आकडे ते एका तक्त्यात आणत आणि तक्ता व कोड दोन्ही गिटहबवर उघडे ठेवत. कोणीही पाहावे, कोणीही चूक दाखवावी. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवले. पत्रकार, संशोधक, साधे नागरिक या तक्त्यावर विसंबले, याचे एक कारण असे की आकडा कुठून आला ते तपासायची सोय होती.

पाचवी पायरी : नाव वहीत जाता कामा नये

आतापर्यंत जुने काही पुसायचे नाही असे सांगितले. त्याच गुणाचा इथे धोका होतो. गिट काही विसरत नाही. रुग्णांची नावे असलेली फाइल चुकून कमिट केली आणि दुसऱ्या दिवशी डिलीट केली, तरी ती इतिहासात राहते. वही गिटहबवर सगळ्यांसाठी उघडी असेल तर ती नावे कोणीही काढू शकतो, आणि एकदा कोणी उतरवून घेतली की परत मिळत नाहीत.

टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार. वस्तीत एखादे नाव फुटले तर लग्न मोडते, भाड्याची खोली जाते, काम जाते. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायद्याच्या आधी आपला धर्म नर्सचा आहे : पेशंटचे पेशंटपाशी.

नाव काढले म्हणजे झाले, असेही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे काढून संशोधकांना दिली. लताण्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. पुढे त्या तिथून संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड या तीन गोष्टी जुळवल्या. राज्याच्या गव्हर्नरांची जन्मतारीख, पुरुष आणि तो पिनकोड असा एकच माणूस निघाला : खुद्द गव्हर्नर. त्यांच्या आजारपणाची नोंद स्वीनी यांच्या हाती आली. या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येतील असा अंदाज त्यांनी पुढे मांडला.

आपल्याकडे तर याहून सोपे. ‘गल्ली नंबर ४, वय ३२, स्त्री, टीबी’ एवढे लिहिले की सगळ्या वस्तीला नाव कळते. म्हणून हे नियम :

१. नाव, फोन, आधार क्रमांक, पत्ता यांचा तक्ता वेगळा. तो गिटच्या फोल्डरमध्ये ठेवायचाच नाही. कामाच्या तक्त्यात फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची जोडयादी कुलपात.

२. ‘गिटइग्नोर’ नावाची एक छोटी फाइल असते. गिटने ज्यांच्याकडे बघायचेही नाही अशा फाइलींची नावे त्यात लिहायची. पहिल्या कमिटच्या आधी ती बनवा.

३. जन्मतारखेऐवजी वयाची वर्षे, गल्लीऐवजी वॉर्ड.

४. अहवालातल्या चौकटीत दोन-तीनच माणसे असतील तर तो आकडा छापू नका, गट मोठा करा.

५. कोड सगळ्यांना उघडा ठेवा. माणसांची माहिती ‘प्रायव्हेट’ वहीतही विचारपूर्वकच.

६. सराव खऱ्या रुग्णांच्या आकड्यांवर करू नका. वरच्या दहा जणींसारखा मनचा तक्ता पुरतो.

किती वेळ, किती पैसे

रोज अर्धा-पाऊण तास, चार आठवडे. पहिला आठवडा तक्ता आणि सीएसव्ही. दुसरा आठवडा आर किंवा पायथनच्या दहा ओळी : वाच, गाळ, मोज, सरासरी काढ. तिसरा आठवडा गिटचे सहा शब्द, रोज निदान एक कमिट. चौथा आठवडा मैत्रिणीसोबत : तिने तुमचा कोड तिच्या मशीनवर चालवायचा. उत्तर तेच आले तर पास. वेगळे आले तर का आले ते दोघींनी मिळून शोधायचे. खरे शिक्षण तिथे होते.

गिट, आर, पायथन आणि एक्सेलऐवजी चालणारे लिब्रेऑफिस, सगळे फुकट आहे. नवा महागडा लॅपटॉप लागत नाही. चार-पाच वर्षे वापरलेल्या मशीनवर हे काम होते. लॅपटॉपच नसेल तर गूगलच्या ‘कोलॅब’वर मोबाइलच्या ब्राउझरमध्येही पायथनचा सराव करता येतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पायथन, आर, लिब्रेऑफिस, लिनक्स, गिट यांचे छोटे धडे विनामूल्य आहेत, आणि त्यातल्या अनेक मालिका मराठीतही ऐकता येतात.

क्लासची फी भरण्याआधी आई-वडिलांनी चार प्रश्न विचारावेत. सॉफ्टवेअर फुकट असताना फी कशाची? आठवड्यातले किती तास मूल स्वतःच्या हाताने टाइप करणार? शेवटी दाखवण्यासारखे स्वतःचे काम हाती राहील का? आणि नोकरीची हमी देत असाल तर ती लेखी द्याल का? चौथ्या प्रश्नावर उत्तर पातळ झाले तर पैसे खिशात ठेवून घरी या.

इंग्रजीची भीती वाटते त्यांना एवढेच सांगू : या कामात लागणारे इंग्रजी औषधांच्या नावांपेक्षा खूप कमी आहे. एररचा लाल मजकूर दिसला की घाबरायचे नाही. तो रागावलेला नसतो, कुठल्या ओळीत अडले ते सांगत असतो. शेवटची ओळ आधी वाचा.

घरातल्यांनी काय विचारायचे

आशाताई, अंगणवाडीताई, संस्थेची मुले दारात येऊन वजन, उंची, गोळ्या, आजार विचारून जातात. ते आपले आकडे आहेत. पुढच्या वेळी नम्रपणे पण स्पष्ट विचारा : हे कशासाठी आहे? आमचे नाव कुठे ठेवणार? मोजून झाल्यावर वस्तीला निकाल कधी सांगणार? मागच्या वेळेपेक्षा आकडा बदलला तर का बदलला हे दाखवता येईल का?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे तयार करायची असतील, तर आपल्या घरातली नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट या कामात शिरली पाहिजे. तिला वॉर्ड माहीत आहे, गल्ली माहीत आहे. आता काळी स्क्रीन शिकायची आहे.

अभ्यास

१. वरच्या दहा जणींचा तक्ता वहीत लिहा आणि १२, ११ व १०.५ या तीन मर्यादांनी मोजून पाहा. तीन उत्तरांपुढे तीन कारणे लिहा. (पडताळा : ७, ३, २.)

२. ‘बदल केला’ या कारणाऐवजी तुमच्या मागच्या तीन दुरुस्त्यांची नीट कारणे लिहा.

३. तुमच्या कोर्सच्या फोल्डरमध्ये कोणाचे नाव, फोन किंवा आधार क्रमांक आहे का ते आजच पाहा. असेल तर पहिल्या कमिटच्या आधी बाहेर काढा.